अकरा दिवस खिशात

खोन केन,
१४ मार्च

बुनथोम काकांस,

साकोनचा नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल, असं लिहायची रीत आहे. ती या पत्रात मला पाळता येणार नाही. म्हशी बऱ्या असतील. तलाव उतरला असेल, मासा स्वस्त झाला असेल. तुमचा फुटका चष्मा अजून तसाच असणार, म्हणजे हे पत्र तुमची लेक चन्सुदाच तुम्हाला वाचून दाखवणार. बरंच आहे. चन्सुदा, जिथे 'मनात' लिहिलंय तेवढं मनात वाच, बाकी सगळं मोठ्याने.

(मनात: केस कापलेस म्हणे. कुणाला विचारून?)

काका, दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे मागणी घालायला आलो, तो दिवस आठवतो? खांबांवरच्या घराखाली बांबूच्या माचावर तुम्ही कच्च्या माशाचं ताट पुढे सरकवलंत. बारीक चिरलेला, लिंबू पिळलेला, वर भाजल्या तांदळाची पूड. माझा वाटा तळून द्या, एवढंच मी म्हणालो. तुम्ही दहा माणसांत म्हणालात, "शिजवलेला मासा दात पडल्यावर खातात. याला पोरगी दिली तर नातवंडं पेजेवरच वाढायची." सगळे हसले. माझे बाबाही हसले, आणि माझा वाटा त्यांनीच संपवला. लिंबाने माशातला किडा मरतो, उरला तर दारूने मरतो, त्यातूनही उरला तर सरकारी गोळी आहेच, हे तुमचं शास्त्र. गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटावर बसायचं. तो पानासारखा चपटा किडा लिंबाला भीक घालत नाही. पित्ताच्या नळीत वर्षानुवर्षं बसून तो ती कुरतडतो, आणि तिथेच पुढे कर्करोगाची गाठ धरते.

मग बाबांचे डोळे पिवळे झाले. अंगाला अशी खाज, की सुपाच्या कडेवर पाठ घासायचे. दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून मी घरी आलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर झाड काढून दाखवलं: यकृतातल्या पित्तनळ्या म्हणजे फांद्या, गाठ बेचक्यात आहे, पण अजून कापता येईल. तारीख मिळाली. बाबांची पिशवी भरून झाली. आणि आदल्या दिवशी तुम्ही आलात.

"प्रासान, पोट उघडलं की वारा शिरतो. वारा लागला की रोग वणव्यासारखा पसरतो. माझा मेहुणा बघ, उघडला आणि महिन्यात गेला."

बाबांनी पिशवी रिकामी केली. चार महिने तुमचे काढे प्यायले. पुन्हा नेलं तेव्हा कापण्याजोगं काही राहिलं नव्हतं. तोंडावाटे आत एक नळी बसवली, तुंबलेलं पित्त वाहतं करायला, तेवढंच. दोन-तीन दिवसांत खाज थांबली. बाबा त्या दुपारी कित्येक महिन्यांनी शांत झोपले आणि उठून म्हणाले, "हे आधी का नाही रे केलंत?" माझ्या जिभेवर फक्त तुमचं नाव होतं. भात कापणीला यायच्या आत ते गेले.

तुमचा मेहुणा वाऱ्याने मेला नाही, काका. सहा महिने पिवळा पडून मग गेला होता तो. उघडलं तर सगळीकडे पसरलेलं. तो उशिरामुळे मेला आणि तुम्ही नाव वाऱ्याचं घेतलंत.

आता माझं. मी त्याच डॉक्टरीणबाईंच्या तपासणीच्या गाडीवर कामाला होतो. सोनोग्राफीचं यंत्र उचलायचं, नावं लिहायची, चिठ्ठ्या घरोघरी पोचवायच्या. फेब्रुवारीत गाडी तुमच्या गावी आली तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या आधी आडवे झालात, पोट थोपटत, "यात फक्त मासे सापडतील" म्हणत. बाईंचा हात एका जागी थांबला. तो मी पाहिला. तीन मार्चला तुमच्या नावाची चिठ्ठी निघाली, शहरात मोठी तपासणी करायला बोलावणारी.

चन्सुदा, पुढचं मोठ्याने वाच. एक शब्द गाळू नकोस.

ती चिठ्ठी मी अकरा दिवस खिशात ठेवली. विसरलो नाही. ठेवली. रोज सकाळी शर्ट बदलताना या खिशातून त्या खिशात घातली. तुम्ही पिवळे व्हावेत, सुपावर पाठ घासावी, आणि मी समोर बसून म्हणावं, काका, पोट उघडू नका, वारा शिरतो.

परवा देवळातल्या जेवणावळीत तुम्हाला पाहिलं. म्हाताऱ्या खामसिंगच्या खांद्यावर हात ठेवून तेच सांगत होतात: कापू देऊ नकोस. तेव्हा कळलं. तुम्ही न कापता मेलात तर गाव म्हणेल, माणूस शब्दाला जागला. तुम्ही जळाल, तुमचा शब्द मागे राहील. मला तुम्ही मेलेले नकोत. मला तुम्ही कापलेले हवेत. बरगडीखाली वीतभर शिवण घेऊन त्याच माचावर उघडे बसलेले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे.

बाई म्हणतात, गाठ एकाच फांदीवर दिसते. मोठ्या तपासणीतही तसंच निघालं तर यकृताचा तेवढा भाग काढतात, मग लागलीच तर औषधं. पसरलेली निघाली तर सलाइनमधून औषधं, नळी, दुखणं कमी करणं. हमी त्या देत नाहीत. कापूनही कुणाकुणात ती परत येते. पण उशीर झाला की कापण्याचं दारच बंद होतं. तुमचे डोळे अजून पांढरे आहेत.

आज सकाळी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी चिठ्ठीवरची तारीख पाहिली. मग फोन करून अठरा तारीख मिळवली, आणि उद्यापासून गाडीवर येऊ नकोस म्हणाल्या. चिठ्ठी सोबत आहे. उपाशीपोटी या.

(मनात: तू आता माझं तोंड बघणार नाहीस. नको बघू. पण त्यांना आण, हातपाय बांधून आण. मी रुग्णालयाच्या दाराशी उभा असेन. बोलू नकोस, फक्त त्यांना माझ्यासमोरून आत ने.)

काका, मासा शिजवून खा. आणि आपला शब्दही खा, तो कच्चा चालेल.

तुमच्या पोटावरची शिवण डोळ्यांनी पाहीपर्यंत तुम्हाला न सोडणारा,

प्रासानचा मुलगा
साकोन