बर्फातल्या मुलांसाठी गाऱ्हाणे

२२ नोव्हेंबर १९६२

व्हय म्हाराजा! — लहानपणचा तो आवाज सकाळपासून कानात घुमतोय. वडिलांच्या खांद्यावर बसून जत्रेतले गाऱ्हाणे ऐकले होते. एकाने देवाकडे मागायचे, साऱ्या गावाने एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. खडकावर लाट फुटावी तसे!

काल चीनने लढाई थांबवली. हरलो आपण — तसे कोणी म्हणत नाही, एवढेच. गावातल्या लवूच्या मुलाबद्दल, सत्यवानाबद्दल तार आलीय : बेपत्ता. माझ्याच वर्गात शिकलेला पोर. गावातून सैन्यात गेलेला एकटाच.

जन्मभर कवितेतला हिमालय शिकवला. शुभ्र मुकुट, उभा पहारेकरी! एकदाही थंडी वाजली नाही. आज वाजतेय.

२७ नोव्हेंबर

माझी बायको आनंदी सैनिकांसाठी स्वेटर विणतेय. या दमट किनाऱ्यावर स्वेटर! लोकर कोल्हापूरहून मागवली. "गळो केदो ठेवू? थंयच्या पोरांचो गळो माका काय ठाऊक?" शेवटी माझ्याच गळ्याचे माप घेतले. "तुमचो कोंबड्यासारखो आसा," म्हणाली, "चार बोटां वाढवतंय."

गावातल्या गप्पा पूर्वी मुंबईच्या चाकरमान्यांपलीकडे जात नसत. आता न्हाव्याच्या दुकानातसुद्धा नेफाचा, त्या ईशान्य सीमेचा नकाशा!

४ डिसेंबर

रुक्मिणी आली होती, लवूची बायको, सत्यवानाची आई. बसली नाही. "मास्तरानू, जत्रेच्या गाऱ्हाण्यात माझ्या झीलासाठी कायतरी घालूक सांगा."

अडचण मला ठाऊक. गाऱ्हाणे घालण्याचा मान लवूच्या घराचा. आणि घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी मागायचे नाही, ही रीत. पिढ्यान्‌पिढ्या कोणी मोडलेली नाही.

सगळ्याच सैनिकांसाठी माग, असे लवूला सांगून पाहिले. दोन ओळी रचूनही नेल्या — बऱ्या जमल्या होत्या! वाचून हसला बिचारा. "मास्तरानू, देवाक पुस्तकातली भाषा कळाची नाय." मग हसू गेले. "आणि गावचो सैनिक एकच. सैनिकांसाठी मागलंय म्हणजे सोतासाठीच मागलंय मां?"

७ डिसेंबर

स्वेटर झाला. एक बाही लांब आहे. आनंदीला सांगितलेले नाही.

९ डिसेंबर

जत्रा.

लवू पुढे झाला, नारळ देवापुढे ठेवला आणि मागे येऊन आमच्यात उभा राहिला. "गाऱ्हाण्याचो मान देवापुढे ठेयलंय. आज मी घालणारो नाय, मागणारो."

मग गाऱ्हाणे घालायचे कोणी? म्हातारे एकमेकांची तोंडे बघू लागले. तरण्या पोरांतून कोणीतरी ओरडला, "चिन्यांचो नायनाट मागा!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. कापरा, पण मोठा. रुक्मिणी! "बा देवा म्हाराजा! जे कोण त्या बर्फात आसत — माझो आसा, दुसऱ्यांचेय आसत — तेंका सुखरूप घराक परत हाड रे म्हाराजा!"

बाईमाणसाने गाऱ्हाणे घातलेले या गावाने कधी ऐकले नव्हते. विचार करायला वेळच मिळाला नाही — अख्खे देऊळ गरजले. व्हय म्हाराजा! मघाचा तो तरणा पोरही. मीही.

घरी येताना आनंदी म्हणाली, "मी सगळ्यात मोठ्यान आराडलंय. ऐकलास?"

२० जानेवारी १९६३

सत्यवानाचे अजून काही कळत नाही. रुक्मिणी आता देवळाच्या वाटेने जात नाही. लवू जाळे विणतो.

३ फेब्रुवारी

दुपारी दार वाजले. अनोळखी बाई, पायांवर लाल धूळ. वैभववाडीकडची. "सत्यवानाची आई खंय रवता? माझो झील तेच्याबरोबर चिन्यांच्या कैदेत होतो. आजाऱ्यांका आधी सोडल्यांनी. तुमचो सत्यवान मागे थंयच आसा — पण जितो आसा! झीलाच्या पायाची बोटां थंडीन गेली, चलाक येणा नाय. म्हणान मी इलंय."