उल्हासकाकांचं पहिलं नको

आयसेलिन, न्यू जर्सी
नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप सौ. सुमित्रामावशीला मोरूचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरलीय म्हणून उभ्यानेच घातलाय, पण तू साष्टांगच धर.)

तुझे गुडघे कसे आहेत? उंदरांनी तार कुरतडल्यापासून घरचा फोन अजून मुकाच आहे ना? मी दर रविवारी नाक्यावरच्या बूथवर फोन लावतो, तिथून तुला हाक जाते आणि तू पदर खोचून धावत येतेस. ते धावणं आधी बंद कर. गुडघे एकदा गेले की परत येत नाहीत. मी फोन धरून थांबतो, माझं काही अडत नाही. खरं तर पुढचं सगळं फोनवरच सांगायचं, पण तू पहिली पाच मिनिटं ‘जेवलास का’ यात घालवतेस, आणि त्या बूथच्या काचेतून अख्ख्या बार्शीला ऐकू जातं. म्हणून पत्र. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाचं आहे, शुद्धलेखन बघू नकोस.

इकडे सगळे खुशाल. म्हणजे आता खुशाल. मधले तीन आठवडे तुझ्या दिरांच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि त्याचं कारण लवकरच उल्हासकाका तुला स्वतः कळवतील. त्यांच्या सांगण्यात ते स्वतः फार शहाणे असतील. म्हणून माझं पत्र आधी पोचावं अशी देवापाशी प्रार्थना आहे.

तर काकांचा ऋषी. तू बघितलास तेव्हा मोठ्यांच्या पायात पायात यायचा, आता दारातून वाकून जातो. यंदा त्याची शाळा संपते आणि पुढे कॉलेज निवडायचं. इकडे कॉलेज निवडणं म्हणजे मुलगी बघण्यासारखंच असतं, गाडी काढून गावोगाव हिंडायचं, इमारती बघायच्या, हसून बोलायचं, घरी येऊन नाकं मुरडायची. ऋषीला अभ्यास चालतो, पण त्याचा जीव बास्केटबॉलमध्ये. आता या खेळाच्या कॉलेजांच्या इथे तीन पायऱ्या. वरच्या पायरीवरच्यांचे सामने टीव्हीवर दिसतात आणि खेळाडू नारळाच्या झाडाएवढे असतात. खालच्या तिसऱ्या पायरीवर छोटी छोटी कॉलेजं. तिथे खेळतोस म्हणून कोणी फी माफ करत नाही, टीव्हीवाले फिरकत नाहीत, बघायला आईबाप आणि एखादी मैत्रीण. पण जो जातो तो खेळतो. ऋषीचं म्हणणं साधं होतं, मोठ्या कॉलेजात चार वर्षं टाळ्या वाजवण्यापेक्षा छोट्या कॉलेजात घाम गाळीन.

या पायरीला इकडे डिव्हिजन थ्री म्हणतात. ते ऐकून काकांना घेरीच आली. “आपल्या घराण्यात थर्ड डिव्हिजनमध्ये कोणी गेलेलं नाही!” असं ते भर फराळाच्या दुकानात, करंज्या घ्यायला आलेल्या बायकांसमोर ओरडले. मी तळण काढत होतो. (मला थर्ड डिव्हिजनसुद्धा मिळाली नव्हती हे त्यांना आठवलं, आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. मनाने चांगले आहेत.) काकांचं कॉलेजचं माप वेगळं. नाव सांगितल्यावर समोरच्याने ‘अरे वा’ म्हटलं पाहिजे, ‘हे कुठेशी आलं?’ म्हणता कामा नये. पण रत्नाकाकू ऋषीच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि एकदा काकू उभ्या राहिल्या की काका बसतात.

कोचांना मुलाच्या खेळाची सीडी पाठवावी लागते. काकूंनी वर्षभर कॅमेऱ्यावर सामने उतरवले होते. आता काकूंना बास्केटबॉल कळत नाही, ऋषी कळतो. त्यामुळे चेंडू कुठेही असो, कॅमेरा ऋषीवर. पलीकडे बास्केट पडतंय, लोक नाचतायत, आणि सीडीत आमचा ऋषी एकटाच बुटाची नाडी बांधतोय. मधून मधून काकूंचा आवाज, “बाळा, पाणी पी रे.” ऋषी म्हणाला, “मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग.” बऱ्याच कोचांनी उत्तरच दिलं नाही. एकाने मात्र दिलं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं ऑल्डर क्रीक नावाचं कॉलेज (काकांनी लगेच विचारलं, “हे कुठेशी आलं?”) आणि तिथले ब्रेनर नावाचे कोच. त्यांनी लिहिलं, पन्नास सीड्या बघितल्या, सगळ्यांत चेंडू हातात असताना मुलगा काय करतो तेच दिसतं, चेंडू नसताना काय करतो ते याच सीडीत कळलं. हा पडलेल्याला हात देतो, मागे धावत जातो, बाकावरच्यांशी बोलतो. या, भेटायला या.

मग दिवाळीची गर्दी ओसरल्यावर दुकानाच्या व्हॅनमधून आम्ही निघालो. मी चालवायला, ऋषी पुढे, काका मागे फरसाणाच्या रिकाम्या खोक्यांत. तीन तासांचा रस्ता. कॉलेज बघून ऋषी असा काही गप्प झाला की मला कळलं, झालं, मुलगी पसंत. जिमची जमीन आरशासारखी. तिथली मुलं त्याला खेळायला घेऊन गेली आणि काका आणि मी कोचसाहेबांच्या खोलीत.

आता मावशी, नीट वाच. कोचांनी विचारलं, कॉफी घेणार? काका म्हणाले, “नो नो, प्लीज.” आपल्यात काय असतं? समोरचा म्हणतो, असं कसं, घ्याच. हा म्हणतो, नाही हो, आत्ताच झाली. तो म्हणतो, अर्धा कप. मग हा म्हणतो, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. पण तो साधा डोंगरातला माणूस, “ओके” म्हणाला आणि स्वतःचा कप भरून प्यायला लागला. काका त्या कपाकडे असे बघत होते की मलाच कसंसं झालं. पुढे त्याने जेवणाचं विचारलं. नो नो. ओके. संघाचा टीशर्ट पुढे केला. नो नो, कशाला उगीच. टीशर्ट परत कपाटात. (तो माझ्या मापाचा होता, असो.) तीनदा तोंड पोळूनही काका शहाणे झाले नाहीत, कारण तेवढ्यात कोचांनी ऋषीचं कौतुक सुरू केलं. आणि आपल्या मुलाचं आपल्यासमोर कोणी कौतुक केलं की आपण काय करतो? दृष्ट लागू नये म्हणून त्याला चार शिव्या घालतो. काकांनी सुरू केलं, कसला खेळतो, घरात प्यालेला ग्लास उचलत नाही, सकाळी उठवायला ढोल लागतो, तुमच्याकडे याच्यापेक्षा चांगली मुलं असतील. कोच गंभीर झाले. म्हणाले, तरीही मला तो माझ्या संघात हवाय. तुमची काय इच्छा?

आणि काका दोन्ही हात हलवत म्हणाले, “नो नो, सर. प्लीज डोन्ट ट्रबल.”

काका दुसऱ्या आग्रहाची वाट बघत मंद हसतायत. कोच बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, मग उठले, हात मिळवला, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे म्हणाले, आणि दार उघडून धरलं.

व्हॅनमध्ये ऋषीने विचारलं, कोच काय म्हणाले? काकांनी मोठ्या खुशीत सगळं सांगितलं. ऋषी सीटवरून गर्रकन मागे वळला. “यू सेड नो?”

“अरे, पहिल्यांदा नाहीच म्हणतात. हपापल्यासारखं हो म्हणायचं का? मॅनर्स असतात!”

“बाबा, ही डझन्ट नो युअर मॅनर्स!”

“करेल बघ फोन. एका नकोवर कोणी थांबत नसतं.”

कोच थांबले. आठवडा गेला, फोन नाही. दुकानातला फोन वाजला की काका तुपाच्या हातांनी उडी मारायचे आणि पलीकडे कोणीतरी अर्धा किलो शेव मागायचं. कॉलेजला अर्ज करायची मुदत जवळ आली. ऋषी म्हणाला, तुम्हीच फोन करा. काका म्हणाले, आपण होऊन? आपण मुलाकडचे आहोत! काकू म्हणाल्या, इथे कसले मुलाकडचे, इथे तुम्ही मुलीचा बाप आहात आणि आलेलं स्थळ घालवून बसलाय. त्यावरून दोघांचं बोलणं बंद. आणि ऋषी रोज गॅरेजमध्ये चेंडू आपटायचा. मी गॅरेजच्या वरच्या खोलीत झोपतो, मावशी. तो चेंडू माझ्या उशीतच आपटत होता म्हण. पण खरं सांगतो, एक दिवस चेंडूचा आवाज बंद झाला तेव्हा जास्त वाईट वाटलं. खाली जाऊन बघितलं तर पोरगं चेंडू मांडीवर घेऊन नुसतं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी एडिसनला ऑर्डर पोचवायचीय असं सांगून मी व्हॅन काढली, ऋषीला आत घातलं आणि तडक डोंगर गाठला. बरोबर पुरणपोळ्यांचा डबा आणि तुपाची बरणी. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, इंग्रजीत तर मी नववी धरून तीनदा आपटलोय. पण पंगतीत वाढायला इंग्रजी लागत नाही, आणि वाढायला मी शिकलो कोणाकडे? नीलांबरीताईच्या लग्नात व्याह्यांनी पानावर आडवा हात धरला तर तू त्या हातावर जिलबी ठेवली होतीस. मी तुझं नाव घेऊन कोचांसमोर डबा उघडला. ते म्हणाले, नो, थँक यू. मी एक पोळी कागदावर ठेवली. ते म्हणाले, नो, रिअली. मी वर तूप सोडलं. ते हात आडवा धरायला गेले तर हातावर तूप. मग बिचारे खायला लागले. एक झाली, दुसरीला नो म्हणाले, मी वाढली, तीही खाल्ली. तिसरी त्यांनी आपणहून घेतली. तेव्हा मी म्हणालो, “सर, यू सेड नो. बट यू वॉन्टेड. सेम, माय काका.”

कोचांनी पोळी हातात धरून दाराबाहेर उभ्या असलेल्या ऋषीकडे बघितलं, आणि बोटं चाटून सरळ स्पीकरवर फोन लावला. पलीकडे काका. मुलगा संघात हवाय, कोच म्हणाले. सवयीने काका म्हणाले, “नो नो, सर.” ऋषीने डोळे मिटले. मी दोन बोटं वर केली. कोचांनी दुसऱ्यांदा विचारलं. काका म्हणाले, तसं नाही, पण तुम्हाला उगीच त्रास. मी तीन बोटं वर केली. तिसऱ्यांदा विचारल्यावर पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज आला आणि काका म्हणाले, “नाऊ, सिन्स यू आर सेइंग सो मच…”

ऋषीने मला उचललं. उसण तिथेच भरली.

अर्ज गेला, कोचांनी जागा राखून ठेवलीय, काका दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत की आम्ही नाहीच म्हणत होतो हो, कोच ऐकेनात. टीशर्टही आला. काका घालून बसतात. कोचांना मात्र खोड लागली. परवा कुठल्याशा मुलाने दुसऱ्याच कॉलेजला जायचं पक्कं करून खरोखरीचं नको सांगितलं, तर यांनी त्यालाही तीनदा विचारलं म्हणे, आणि चौथ्यांदा त्याच्या वडिलांनी फोन आपटला.

बाकी ठीक. थंडी पडलीय. तुझ्या हातची शेंगाचटणी संपली.

तुझा,
मोरू

ता. क. चटणी पाठवू नकोस. (हे पहिलं नको आहे.)

ता. क. दुसरा. मी इकडे यायला निघायच्या आदल्या दिवशी तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस आणि म्हणालीस, बूथ चालवणाऱ्या कादंबरीसाठी तिच्या घरी विचारू का तुझं? मी म्हणालो, नको गं. तेवढ्यात तुझं दूध उतू गेलं, तू आत गेलीस, आणि पुन्हा विषयच काढला नाहीस. मावशी, तू! आडव्या हातावर जिलबी ठेवणारी बाई तू, आणि माझ्या वेळी एका नकोवर थांबलीस?

ता. क. तिसरा. तिच्या घरी विचारशील तेव्हा ती आधी नको म्हणेल. दूध खाली उतरवून मग जा. तिसऱ्यांदाही नकोच म्हणाली तर मात्र गप परत ये, त्या कोचांसारखं करू नकोस. आणि हे पत्र बूथच्या आसपास वाचू नकोस.

ता. क. शेवटचा. रविवारी फोन करतो. हाक आली तरी धावू नकोस. गुडघे सांभाळ. चप्पल सापडत नसेल तर नीट शोध. तोवर फोन तिच्याच हातात असतो.