गव्हाच्या दारूचा पहिला घोट

बाबा, आज भर दुपारी, दुकानाच्या ओट्यावर, गिऱ्हाइकांच्या देखत मी एका गोऱ्याच्या हातची गव्हाची दारू प्यायले. होय, गव्हाची. तुम्ही असता तर आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं, मग त्या मडक्याकडे, आणि सरळ भट्टीकडे निघून गेला असता. दुसऱ्या कोणाला सांगावं तर लोक अर्धं ऐकूनच हसतात. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. भट्टीच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवून घेतलीत तेव्हा अख्खं अकोला तुम्हाला हसलं होतं, की कलालाच्या पोरीला काय कचेरीत बसवायचं आहे. कचेरी काही नशिबात आली नाही, पण मेलेल्या माणसाशी बोलायला ती अक्षरं आज कामी येताहेत.

तुमच्या वेळचं वऱ्हाड आता ओळखू यायचं नाही. सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली आहे आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे. इथं अमरावतीत, माझ्या सासरी, सकाळपासून गाड्यांची रांग लागते. कालपर्यंत फाटक्या धोतरातला माणूस आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून हिंडतो. ज्याला त्याला कापूस पेरायचा आहे, त्यामुळं गहू-जोंधळा मात्र महाग झाला. आणि पैसा आला तशी लबाडीही आली. कापसावर पाणी मारून वजन वाढवतात, तुपात काय काय कालवतात, मोहाच्या फुलांच्या पोत्यात तळाला माती निघते. नवरा वारल्यापासून पोरं आणि दुकान मी एकटीच बघते. कोणी गोड बोलायला लागला की माझा हात आधी गल्ल्यावर जातो. माझा स्वभाव संशयी आहे असं लोक म्हणतात. असेल. त्याच स्वभावावर दुकान उभं आहे.

तर हा गोरा. कापसाच्या गाठी दाबायच्या यंत्रावरचा मिस्त्री आहे, लाल तोंडाचा, तुम्ही गेलात तेव्हा होतात तेवढ्या वयाचा. इंग्रज नाही म्हणतो, पलीकडच्या कुठल्या मुलखातला आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं पोटाशी धरून तो स्वतः उन्हातून चालत आला, हाताखाली माणसं असताना. मला तिथंच पहिली शंका आली. जो साहेब हमालाच्या हाती मडकं देत नाही, त्याच्या मडक्यात काहीतरी लपवण्यासारखं असणार. मोडक्या हिंदुस्तानीत त्यानं सांगितलं की त्याच्या गावी ही दारू घरोघर होते. गव्हाला मोड आणायचे, वाळवून भरडायचं, शिजवायचं आणि आंबवायचं. तिकडचं जे आपल्याकडं मिळेना ते त्यानं आपल्याकडच्याच जिनसांनी भागवलं होतं. नागपुराकडून आलेल्या संत्र्यांची साल, ठेचलेले धने आणि गवती चहाची पाती. मी म्हटलं, धने तर आम्ही वरणात घालतो. तो खूश होऊन हसला, जणू मी त्याची तारीफ केली. लोक गव्हाच्या दाण्यासाठी रडताहेत आणि हा त्या गव्हाला मोड आणून त्याची दारू करतो, हे मला मुळीच आवडलं नाही.

त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मी ही दारू दुकानात ठेवावी. यंत्रावरचे लोक, मुंबईहून येणारे दलाल, सगळे माझ्याकडं येतील. ते खरंही असेल. पण ठेवायची तर आधी कोणीतरी प्यायला हवी, आणि आपल्या धंद्यात तो कोणीतरी कोण असतो हे तुम्हाला मी काय सांगावं.

मला तो दिवस लख्ख आठवतो. मी असेन आठ-नऊ वर्षांची. तुम्ही मडकं नुकतंच उघडलं आहे, आणि मी शहाणपणानं एक बोळकं भरून समोरच्या पाहुण्याला देते आहे. तुम्ही ते त्याच्या हातातून काढून घेता आणि सगळ्यांसमोर मातीत ओतता. मग माझा दंड धरून, आवाज न चढवता म्हणता, "पोरी, पैला घोट आपला. आपल्याले काई झालं नाई, मंगच दुसऱ्याले द्याचं." मला रडू आलं होतं ते ओतल्यामुळं. आई चुलीपाशी नेत म्हणाली की घरातला माणूस रोज परक्याच्या आधी मरायला तयार असतो, असा हा धंदा आहे. ती हे हसत म्हणाली होती.

आणि मग वर्षा-दोन वर्षांत तसंच झालं. परमुलखातला एक फिरता माणूस स्वस्तात एक मडकं देऊन गेला. तुम्ही त्यातला पहिला घोट घेतला. संध्याकाळी तुम्ही घरात बसून हवेतले धागे वेचायला लागलात, एकेक धागा धरून आईच्या हातात देत होतात. आई रिकामी मूठ मिटून "हो, ठेवते" म्हणत होती. तुमची जीभ कोरडी पडली होती, पाणी गिळवत नव्हतं. वैद्य म्हणाला, धोतऱ्याचं बी आहे. सकाळपर्यंत तुम्ही गेलात. तुमचं नाक असं होतं की भट्टीवर लाकूड कोणतं जळतंय ते दारूच्या वासावरून सांगायचात. त्या नाकाला धोतरा कळला नाही, हे मला कधीच पटलं नाही. मी पक्कं धरून चालले, की तुम्हाला वास आला होता. तरी प्यायलात. लोकांसमोर मागं कसं हटायचं म्हणून, कलालाचा तोरा म्हणून. घरात दोन बायकामाणसं तुमच्या जिवावर आहेत याचा विचार केला नाहीत. याचा राग मी आजवर कोणाजवळ बोलले नाही, पण तो होता, आणि फार होता.

म्हणून माझ्या दुकानात मी पहिला घोट बंद केला. मी जाळून बघते. मडक्यातली पळीभर घेऊन निखाऱ्यावर टाकते. पहिल्या धारेची असेल तर भपकन पेटते, पाणी घातलेलं असेल तर नुसती चरचरते. गिऱ्हाइकांनाही तेच आवडतं. गोऱ्याच्या दारूचंही मी तेच केलं. शेगडी ओट्यावर आणली आणि पळी ओतली. बाबा, निखारा पेटायचा तर सोडाच, पार विझला. वर फेस आला, वरणाला येतो तसा, आणि सगळीकडं धन्याचा वास सुटला. मी कमरेवर हात ठेवून त्याला सांगितलं, की साहेब, तू मला नदीचं पाणी विकायला निघालास. ओट्यावर हशा पिकला. त्याचं लाल तोंड आणखी लाल झालं. पण तो भांडला नाही. म्हणाला, "बाई, ये जलाने की चीज नहीं है. पीने की है."

मग त्यानं स्वतःच बोळकं भरलं आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. माझा संशय त्यानंही गेला नाही. गोऱ्यांची पोटं निराळी, ते डुकराचं मांस पचवतात, त्याला काही झालं नाही म्हणजे आपल्या माणसाला होणार नाही असं थोडंच आहे. शिवाय वरचं वर पिऊन दाखवायचं आणि तळाशी भलतंच ठेवायचं, हेही मी पाहिलेलं आहे. मी त्याला मडकं उचल म्हणणारच होते.

तेवढ्यात अकोल्याचा म्हातारा गाडीवान पुढं सरकला. तुमच्या दुकानातलं ते जुनं गिऱ्हाईक. आता कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला येतो आणि माझ्याकडं टेकतो. फुकट म्हटलं की त्याला दम धरवत नाही. "आन वं बाई इकडं, फुकटचं हाय त मी पाहतो पिऊन," असं म्हणत त्यानं बोळकं मडक्यात बुडवलंसुद्धा. ओठाला लावणार इतक्यात मी ते हिसकावलं आणि प्यायले. वास घेतला नाही, रंग बघितला नाही, काही नाही. घशाखाली उतरल्यावर मला कळलं की मी काय केलं.

आंबट होती. जिभेला टोचणारी, नाकात चढणारी, मग मागून संत्र्याची साल आणि अगदी शेवटी गव्हाची गोडी, ताज्या चिकाची असते तशी. पण चव घ्यायला मन थाऱ्यावर कुठं होतं. मी ओट्यावर बसून राहिले. कोणालाही मडक्याला हात लावू दिला नाही. पोटात जरा गुरगुरलं की मला वाटे, आलं. जीभ कोरडी पडतेय का म्हणून घडोघडी चाटून बघत होते, आणि हातांकडं लक्ष ठेवून होते, हवेत उचलले जातात की काय. गोरा बिचारा पायरीवर घाम पुसत बसला होता. उन्हं उतरली तरी काही झालं नाही.

गाडीवान तेवढा वेळ माझ्याकडं बघत होता. बोळकं हिसकावलं म्हणून रागावला असेल असं मला वाटलं. तो हळूच म्हणाला, "तुह्या बापानंबी असंच हिसकलं होतं. माह्याच हातातून."

मी विचारलं, कधी. तो म्हणाला, त्याच दिवशी.

"वास घेतला होता का त्यायनं?"

"वास घ्याले येळ कोठं होता? बोळकं माह्या ओठाले लागलं होतं. पेले, अन् लगेच मडकं नालीत उलटं केलं. आमाले म्हने, आज घरी जा."

इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी जरा जोरातच विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सांगून तुले तोंड कोनतं दाखवलं असतं?"

आधी मला तोही खोटाच वाटला. फुकटच्या दोन बोळक्यांसाठी तो काहीही जोडून सांगेल. पण मग आठवलं, की त्या दिवशी तुम्ही भर दुपारी घरी आला होतात. दुपारी दुकान बंद कधी नसायचं. आईनं विचारलं तेव्हा भूक लागली म्हणालात आणि जेवलात मात्र नाही. मी तेव्हा दारात गजगे खेळत होते. हे मला इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं, आणि ते त्या म्हाताऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही.

गोऱ्याला मी सांगितलं आहे, की माल ठेवीन, पण दर मडक्याबरोबर त्यानं स्वतः यायचं. त्याच्यावर माझा अजून भरवसा नाही. दारू चांगली आहे, तो भाग निराळा. आता हे लिहून झालं की कागदाची घडी करून गव्हाच्या कोठीत टाकणार आहे. धाडायचं तरी कुठं, मोर्णेच्या ज्या घाटावर तुम्हाला अग्नी दिला तिथं टपाल जात नाही.

एवढंच सांगते. ते बोळकं हिसकावताना मला तुमची आठवण झाली नव्हती. दुकानाची नाही, माझ्या पोरांचीही नाही. समोर फक्त त्या हावऱ्या म्हाताऱ्याचं तोंड होतं. तुम्हालाही त्या वेळी आम्ही आठवलो नसू. याचा मला राग यायला हवा, बाबा, पण आज संध्याकाळपासून तो येतच नाही.