त्या घरात वारा फार

प्रिय बेबी,

दोन गल्ल्या सोडून राहतेस आणि पत्र कसलं लिहितेस वहिनी, असं तू म्हणशील. पण समोर बसले की माझं तोंड मिटतं, हे तुला इतक्या वर्षांत कळलं आहेच. तुझी भाडेकरू नर्सबाई हे वाचून दाखवेल. नर्सबाई, मध्ये तुम्हाला थोडं अवघडल्यासारखं होईल, पण काही गाळू नका. गाळून सांगणारा एक माणूस आमच्याकडे होऊन गेला, तेवढा पुरे.

काल तुझ्या दादाच्या ऑफिसातून त्याची बॅग आली. टेप, टॉर्च, हातमोजे. विम्यासाठी ठोकलेल्या गाड्यांभोवती फिरून तो नुकसान मोजायचा, ते हे सामान. बॅग मी अजून दाराशीच ठेवली आहे. रडू मात्र येत नाही. तो गेला त्या दिवशी तुमच्या आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडून घे गं, मोकळी हो," आणि मला काय आठवावं, तर मालिकेतली ती थोरली बाई नवरा गेल्यावर कशी कोसळते ते. तिला किती छान जमतं, असं वाटलं. माझ्याच घरात माणूस गेला आणि मी मनातल्या मनात तिच्याशी बरोबरी करत बसले होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मला तुझा हेवा वाटायचा. दादा घरी येऊन हात-पाय धुवायचा, चहा घ्यायचा, आणि मालिकेची वेळ झाली की चपला घालून तुझ्याकडे निघायचा. तुला दिसत नाही, पडद्यावर काय चाललंय ते कुणीतरी सांगायला हवं, हे मला कळत होतं. मी गणिताची बाई आहे, कारण समजलं की गप्प बसते. पण घरात तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा. "मीठ दे." "बिल भरलं." "पंखा कमी कर." आणि तुझ्याकडे जाऊन अर्धा-पाऊण तास बोलायचा, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून मीही घरी तीच मालिका लावून बसू लागले. तिकडे तो काय बघतोय ते तरी कळावं म्हणून. नंतर ती मला आवडायलाच लागली. कोण कुणाच्या दाराआड उभं आहे, कोण कुणाच्या खिशात काय शोधतंय, हे बघता बघता मीही दादाचे खिसे तपासू लागले. सापडायचं काय, तर बसचं तिकीट आणि खडीसाखर. तरी संशय जाईना. सख्ख्या बहिणीकडे जाणाऱ्या नवऱ्याचा संशय घेणारी मी एकटीच असेन.

एकदा तो किल्ली विसरून गेला. ती द्यायला मी आले आणि तुझ्या बोळात, अर्धवट उघड्या दाराशी, थांबले. अगदी मालिकेतल्यासारखी. आत पडद्यावर सासूने धाकट्या सुनेच्या कानाखाली वाजवली. तुला माहीत नसेल, ते लोक एकच थप्पड तीनदा दाखवतात, तीन बाजूंनी. फाड, फाड, फाड. दादा शांतपणे म्हणाला, "वारा सुटलाय, दारं आपटतायत." आणि तू म्हणालीस, "त्या घरात वारा फार बाई!" दोघंही हसलात. मी किल्ली न देताच परत फिरले.

घरी आल्यावर त्याला म्हटलं, "गाडीवरचा ओरखडासुद्धा सोडत नाहीस आणि बहिणीला खोटं सांगतोस?" तो म्हणाला, "दिवसभर मोडतोडच बघतो. तिला कशाला द्यायची?" पुढे म्हणाला, "परवा त्या सुनेला मारलं ते मला सांगताना तू 'बरी बसली' म्हणालीस. आपल्या शेजारच्या घरात पूर्वी पट्ट्याचा आवाज आला होता, तेव्हा तुला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं."

त्याचं खरं होतं. पण मला लागलं ते वेगळंच. म्हणजे बेबीचं मन जपायचं, आणि माझं दगड होत चाललेलं दिसत असून टीव्ही बंदसुद्धा करायचा नाही? त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. तो जात राहिला, मी बघत राहिले. थपडा बसायच्या आणि मला काही व्हायचं नाही.

मग परवा तू माझा हात धरून विचारलंस, "वहिनी, आता त्या धाकट्या सुनेचं पुढे काय होतंय ते मला कोण सांगणार? मला ती फार आवडते गं." मी उगाच विचारलं, का. तू सांगायला लागलीस. राग आला की ती भांडत नाही, फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावत बसते. पुढचा दात वाकडा आहे म्हणून ओठ मिटून हसते, पण खरंच हसू फुटलं की दात विसरते, आणि तेव्हा बघावी. बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघते, जिना उतरते आणि पुन्हा वर येऊन ओढते. "दादा म्हणायचा, खाली उभं राहून तिची वाट बघण्यात मजा आहे."

मी घरी येऊन मालिका लावली. बेबी, त्या सुनेचे दात मोत्यासारखे सरळ आहेत. स्वयंपाकघरात ती दागिने घालून फक्त उभी राहते, डब्याला हात लावत नाही. आणि त्यांच्या बंगल्याला कुलूप लावलेलं मी कधी पाहिलं नाही. पडद्यावर तिला पुन्हा मार बसला. मी टीव्ही बंद केला, फडताळापाशी गेले. डबे उंचीप्रमाणे लागलेले होते.

तू मला कधी पाहिलं नाहीस. मी या घरात आले त्याच्या कितीतरी आधी तुझी नजर गेली होती. म्हणून तुला ओळखू आलं नसेल. की आलं होतं? वारा कसला ते तुला कळत होतंच, मग हेही कळलं असेल, असं मला आता वाटू लागलंय.

मला तुझा हेवा अजून वाटतो, आधीपेक्षा जास्त. जे त्याने मला सांगायला हवं होतं ते सगळं त्याने तुला सांगितलं, आणि ते तू माझ्याआधी ऐकून बसलीस. म्हणून हे पत्र. उद्यापासून त्याच वेळेला मी तुझ्याकडे येईन. टीव्ही लावायचा नाही. मी त्याच्या खुर्चीत बसेन आणि तू मला त्या धाकट्या सुनेचं सगळं सांगायचं, अगदी पहिल्यापासून. मऊ करून सांगू नकोस. ती कुठे वाईट वागली असं तो म्हणाला असेल, तर तेही सांग. मला माझं सगळं परत हवंय.

दार उघडं ठेव. कुलपापायी मला थोडा उशीर होईल.

तुझीच,
वहिनी