देवळीतली बरणी

२९ सप्टेंबर, रविवार. लोहारा

आले बाई एकदाची! परंड्याहून बार्शी, बार्शीहून तुळजापूर, आणि तिथून पुढं लोहाऱ्यापर्यंत उभ्यानं. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्यात शेगडी. कंडक्टर म्हणतो, मॅडम, घरच उचलून आणलं का काय! मला फस्सकन हसू आलं. दहा महिन्यांत न ठरवता आलेलं हे पहिलं हसू, म्हणून इथं नोंदवून ठेवते.

ही रोजनिशी सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी लिहायला सांगितली आहे. रोज एक गोळी, अर्धा तास चालणं, आणि दिवसभरातले तीन लहान आनंद चिठ्ठ्यांवर लिहून समोर दिसतील असे ठेवायचे. मनाला वाईट हुडकायची खोड लागलीय, त्याला चांगलं हुडकायला शिकवू, म्हणाल्या. मला हे कशानं झालं ते कुणी विचारू नये. कशानंच नाही. नोकरी होती, लेक होती, पोटाला दोन घास होते, आणि तरी सकाळी दात घासायला उठायचं म्हणजे मला दोन तास लागायचे.

आता बदली मागून इथल्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू होतेय. अर्पिता नऊ वर्षांची, सध्या माझ्या आईजवळ परंड्यात. दिवाळीच्या सुट्टीत ती इथं येणार आणि तोवर मी, पौर्णिमा, माणसात आलेली असणार. ठरलं म्हणजे ठरलं.

३० सप्टेंबर

खोल्या दोन, मोरी आत, दारात कडुलिंब. घरमालकीण शांताक्का शेजारच्याच घरात राहतात. सत्तरीच्या, पण चाल माझ्यापेक्षा खणखणीत. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. आडनावावरून जात हुडकतात, ते मला ठाऊक आहे. पण अक्का एवढंच म्हणाल्या की बिनघोर ऱ्हावा, फकस्त जेवायच्या आधी पहिला घास त्या देवळीत ठिवत जावा.

स्वयंपाकघरात, शेगडीच्या समोरच्या भिंतीत वीतभर रुंद, हातभर खोल देवळी आहे. देव नाही, दिवा नाही, कुंकवाचं बोटसुद्धा नाही. घास कुणाचा, असं मी विचारलं. घराचा, म्हणाल्या. त्यांच्या सासूच्या सासूपासून ठेवतात.

आमच्या आबाराव आजोबांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून नदीला दिले. त्यांची नात भिंतीला जेवू घालणार व्हय? पण म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून बरं म्हणाले. देवळी पुसून घेतली आणि चिठ्ठ्यांसाठी आणलेली लोणच्याची रिकामी बरणी तिथं ठेवली. उठता-बसता दिसते. झकास जागा.

३ ऑक्टोबर

आजचे तीन. एक, स्टँडवरचा आल्याचा चहा, घसा जाळणारा. दोन, एका शेळीनं लसीकरणाच्या रजिस्टरचं पान खाल्लं आणि मालकीण शेळीला सोडून मलाच ओरडली. तीन, रस्त्याकडेला वाळत घातलेल्या सोयाबीनचा उन्हातला वास. तिन्ही चिठ्ठ्या बरणीत. डॉक्टरबाई हुशार आहेत, उगाच नावं ठेवत होते.

६ ऑक्टोबर, रविवार

अर्पिताशी तासभर बोलले. बरणीचं सांगितलं, देवळीचं सांगितलं, शेळीचं तर दोनदा. हसता हसता तिला उचकी लागली. म्हणाली, मीपण रोज चिठ्ठी लिहिणार आणि तिकडं आले की तुझ्यासारखी देवळीत ठेवणार. फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून रडले, पण चांगलं रडणं होतं ते. छातीत ऊब होती.

आज तीन नाही लिहिले. एकच चिठ्ठी लिहिली. अर्पिता.

९ ऑक्टोबर

चहा नीट लागत नाही. चहावाला तोच, आलंही तेवढंच. गरम पाणी पिल्यासारखं वाटतं. सोयाबीनचा वासही येत नाही. शेळीची गोष्ट दवाखान्यात सगळ्यांना सांगितली, सगळे हसले. मला त्यात काय हसण्यासारखं होतं ते उमजेना.

आजार पुन्हा डोकं वर काढतोय बहुतेक. डॉक्टरबाईंना फोन केला. गोळी बंद करू नका, सोमवारी या, म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर

एक गोष्ट ध्यानात आली. जे लिहिलं, तेच जातं. जे लिहिलं नाही ते शाबूत आहे.

मी जनावरांची नाडी बघणारी बाई, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. म्हणून परवा सीताफळ आणि पेरू दोन्ही आणले. दोन्ही गोड होते. सीताफळाची चिठ्ठी लिहून बरणीत टाकली, पेरूची लिहिली नाही. आज पुन्हा दोन्ही खाल्ले. पेरू गोड. सीताफळ म्हणजे ओला कापूस.

मग बरणी खाली घेऊन उघडली. चिठ्ठ्या सगळ्या आहेत, सगळ्या कोऱ्या. कडा ओलसर, कुणी चाटल्यासारख्या. फक्त एकीवर अक्षरं आहेत, फिकी. अर्पिता.

तेवढी काढून घेतली. पर्समध्ये ठेवली आहे.

१४ ऑक्टोबर

सोलापूरला जाऊन आले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. चव जाणं, वास जाणं, मन बधिर होणं हे सगळं या आजारात होतं, म्हणाल्या. गोळी थोडी वाढवली. एकटी राहू नका म्हणून बजावलं. त्यांचं खरं असावं असं मला फार वाटतंय.

कोऱ्या चिठ्ठ्या दाखवायला नेल्या होत्या. काढल्या नाहीत. कोरा कागद कशाचा पुरावा होणार?

१६ ऑक्टोबर

शांताक्कांना सांगितलं. घास कधीच ठेवला नाही, तेही सांगितलं. अगं माझे बाई, म्हणाल्या, त्या देवळीत जे ठिवाल ते त्याचं. आमी भाकरी ठिवतो म्हणून ते भाकरी खातं. तुमी काय वाढून ठिवलंत?

ते म्हणजे कोण, हे त्यांनाही माहीत नाही. परत कसं मागायचं, तेही नाही. निवद दिला की दिला, कुणी परत मागितलाच नाही कधी, म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते. लई भीती वाटतेय.

१८ ऑक्टोबर

बरणी उकिरड्यावर फेकून दिली. दोन दिवस भाकरीचा घास ठेवतेय, वर तूपही. अक्कांनी स्वतःच्या हातानंसुद्धा ठेवून बघितला. घास तसाच. वाळला. मुंगीसुद्धा लागली नाही. गोडाची चटक लागल्यावर कोरड्या भाकरीला कोण तोंड लावतंय, अक्का म्हणाल्या.

मग चिठ्ठीवर माझी भीती लिहून ठेवली. छातीतली धडधड लिहिली, ते दहा महिने लिहिले. ने, म्हटलं, हे खा. सकाळी चिठ्ठी जशीच्या तशी. शब्दन् शब्द शाबूत.

२१ ऑक्टोबर

पर्समधली चिठ्ठी बघितली. आता नुसता अ दिसतो. तोही उजेडात धरला तर.

तिचा फोन आला होता. शाळेत पळण्यात पहिली आली. शाब्बास म्हणाले. बरोबर ठिकाणी म्हणाले ना, एवढंच बघत होते.

२३ ऑक्टोबर

चिठ्ठी कोरी.

आईला फोन करून सांगितलं, अर्पिताला इकडं आणू नकोस. का, म्हणून तिनं तीनदा विचारलं. सांगायचं होतं. पण माझाच आवाज मला एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा ऐकू आला. नको आणू, नको आणू. ठेवला.

२५ ऑक्टोबर

पिशवी भरली. अक्का म्हणाल्या, चला माझ्याकडं, नाहीतर गावाला जावा. खरंय. दारापर्यंत नेली. मग कशाला नेली ते —

आता भीती वाटत नाही. बरं वाटतंय असं नाही. वाटतच नाही.

२६ ऑक्टोबर

दवाखाना. तीन गायी, एक म्हैस. जेवले. नसेन जेवले.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपार

दार वाजलं. आई आणि अर्पिता. फोनवरचा माझा आवाज ऐकल्यापासून आईला चार रात्री झोप नाही, आज पहिली गाडी धरून आल्या. पोरगी समोर दिसली की सुधारशील, म्हणाली.

अर्पितानं कमरेला मिठी मारली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस होते. तेल लावलेले.

आई माझं काय चाललंय ते विचारायला अक्कांकडं गेली आहे. अर्पिता स्वयंपाकघरात. इथून दिसते. काय करतेस, विचारलं. म्हणाली, आजची चिठ्ठी लिहितेय, बरणी दिसत नाही तर तशीच ठेवते देवळीत. काय लिहिलं, विचारलं.

आई, म्हणाली. बाकी काही नाही, नुसतं आई.

ठेवू नको म्हणायला हवं. म्हणाले बहुतेक. हळू म्हणाले असेन.

चार पावलं आहेत. पाय चांगले आहेत. हात धरायचा, चिठ्ठी घ्यायची, तिला उचलून बाहेर न्यायचं, सगळं कळतंय. हेसुद्धा लिहितेय, म्हणजे हातही चालतोय.

स्टूल ओढलं. देवळी उंच पडते तिला. चढली.

लेकराला काही होईल या भीतीनं आई धावते. ती भीती यायला माया लागते. आणि ती माया तर मीच, सहा तारखेला, माझ्या हातानं त्या देवळीत —