गालातली सुई

७ जून, शुक्रवार
घातली! मंतरलेल्या सुया घालणाऱ्या सारिन्तेन आजीने डाव्या गालात सोन्याची सुई सरकवली, केसाएवढी. मुंगी चावल्यासारखं झालं. रक्त नाही, वळ नाही. आजी म्हणाली, "काडीला टोचून भाजलेलं मटण, साते, काडीवरून खायचं नाही. कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून जायचं नाही, नाहीतर सुई पळते. आणि नको झाली तर माझ्याकडेच यायचं. घातली त्याच हाताने ती निघते."

आमच्यातल्या निम्म्या गायिकांच्या चेहऱ्यात असते; बघणाऱ्याची नजर खिळून राहते म्हणतात. कबूल कोणी करत नाही. मला टाळ्या नकोत. पारजानने बघावं, एवढंच. नवरा आहे माझा, मंचावर माझ्याच मागे बसून ढोल वाजवतो. बारा वर्षं त्याने माझा अंबाडाच पाहिलाय.

१६ जून, रविवार
क्लातेनला लग्न. भरदुपारचा मांडव, वर पत्रे तापलेले. दुसऱ्याच गाण्याला बायकांचे घास हातात राहिले. नवरदेव माझ्याकडे बघत बसला, नवरीने त्याला कोपर मारलं. आणि पारजानचा ठेका चुकला — लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! मी वळले तर तो बघत होता. काय ते बघणं! छत्तिसाव्या वर्षी लाजले मी.

१७ जून, सोमवार
भात वाढत होते. तो म्हणाला, "काल काय गायली ना ती!"

"ती कोण?"

"ती. गाणारी." आणि आणखी सोयाबीनचं तेम्पे मागितलं.

थट्टा करतोय असं वाटून मी हसले. तो हसला नाही.

२३ जून, रविवार
पुन्हा कार्यक्रम. मधल्या वेळेत माझ्यासाठी चहा घेऊन आला, साखर ढवळून. मला "तुम्ही" म्हणाला. "तुम्हाला दमायला झालं असेल."

परतताना चेहऱ्याचा रंग पुसून स्कूटरवर मागे बसले, तर वाटभर एक शब्द नाही. घरी विचारलं, "कोणाची आठवण येतेय एवढी?" म्हणाला, "तुला सांगून काय उपयोग, विगाती?"

मी तिच्यावर जळते. तिच्यावर म्हणजे कोणावर?

२६ जून, बुधवार
सहन होईना. आजीकडे गेले असते तर बोलणी खावी लागली असती. म्हणून बाजारात उभी राहून साते घेतलं आणि काडीवरूनच दातांनी ओढून खाल्लं. सात काड्या. मग मुद्दाम दोरीखालून गेले. शेजारणीची ओली लुंगी डोक्याला लागली. सुटले एकदाची.

२७ जून, गुरुवार
सकाळी पहिलं वाक्य: "रविवारी ती येईल ना?"

२९ जून, शनिवार
आजीकडे गेलेच शेवटी. तिने माझ्या डाव्या गालावर अंगठा फिरवला, मग उजव्या. मग हात मागे घेतला.

"इथे काही नाही."

"म्हणजे गेली ना?"

"गेली. पण माझ्या हातात आली नाही. अक्कल गहाण ठेवली होतीस का? ती काढायची असते, हाकलायची नसते. हाकलली की जिथे तिच्याकडे बघणारे असतात तिथे जाऊन बसते."

"मंचावर?"

आजीने तांदूळ निवडायला घेतले. उद्या मी गाणार नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगेन.

३० जून, रविवार
सांगितलं नाही. पायच मंचावर चढले. वर गेल्यावर पोट, पाठ, घर, काही आठवेना. इतकं छान मला आयुष्यात वाटलं नव्हतं. उतरूच नये असं वाटलं.

शेवटचं गाणं संपल्यावर पारजान पडद्यामागे आला. हळू बोलला.

"घरी एक बाई आहे. आज संध्याकाळी तिला नदीवर नेतो. परत एकटाच येईन. मग तुम्ही याल ना?"

"येईन," मी म्हणाले. घरच्या बाईची मला जरासुद्धा कीव आली नाही.

आता घरी आहे. रंग पुसलाय. पाच वाजलेत. बाहेर तो स्कूटर चालू करून थांबलाय, आणि किती दिवसांनी मला नावाने हाक मारतोय.