लेटनला घेऊ नका

क्रॅगथॉर्प, यॉर्कशर
सोमवार, दुपार

प्रिय सेसिलदादा,

तुला आणि वहिनींना धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी कंबर आता सरळ झाली असेल आणि डोंगरापलीकडे तुम्ही जे पिता (त्याला चहा म्हणायचं असेल तर) ते अजून तुला मानवत असेल, अशी आशा आहे. इकडे माझी तब्येत उत्तम.

तुझं पत्र मिळालं. गुरुवारी तुमच्या क्लबची कमिटी बसणार आणि आमच्या लेटनला एका हंगामासाठी घ्यायचं की नाही हे माझ्या शब्दावर ठरणार, हे वाचून माझी मान चांगलीच ताठ झाली. लेटन आमच्या ह्यांचा पुतण्या, पण नऊ वर्षांचा असल्यापासून माझ्याच हातचं खाऊन वाढला. इथल्या क्लबने चौदा हंगामांनंतर त्याला नारळ दिलाय. तुम्ही नाही म्हणालात तर त्याचं खेळणं संपलं. तरी खरं तेच लिहिते : घेऊ नका.

एक तर त्याला अक्कल नाही. लीग रग्बीत पुढच्या फळीतला गडी म्हणजे समोरून येणाऱ्याला छातीवर घ्यायला ठेवलेला माणूस, हे मला मान्य आहे. पण परवाच्या फेब्रुवारीत हा पठ्ठ्या मनगट मोडलेलं असताना पन्नास मिनिटं खेळला आणि अडतीस वेळा समोरच्याला आडवं केलं. घरी आल्यावर कप धरता येईना तेव्हा मलाच कळलं. ज्याला स्वतःचा हात मोडलेला कळत नाही त्याला तुमचे डावपेच काय कळणार?

दुसरं, त्याला महत्त्वाकांक्षा नाही. चौदा हंगामांत रेषेपलीकडे चेंडू टेकवून केलेले ट्राय फक्त तीन. त्यातला एक तर आपल्याच चार गड्यांच्या खाली चेंगरून रेषेपलीकडे गेल्यामुळे. रेषा दोन पावलांवर आली की हा चेंडू शेजारच्याला देऊन टाकतो. (त्या शेजारच्यांपैकी दोघं पुढे इंग्लंडकडून खेळले. लेटनने त्यांचे फोटो माझ्या स्वयंपाकघरात लावलेत, स्वतःचा एकही नाही.) असल्या माणसाची जाहिरात तुम्ही कशी करणार?

तिसरं, खाणं. क्लबच्या आहार बघणाऱ्या बाईंनी त्याला पालेभाजीचे डबे लावून दिले. डबे सगळे रिकामे परत जायचे म्हणून बाई खूश. आमचा ससा मात्र इतका सुटला की त्याला पिंजऱ्याचं दार पुरेना. लेटन स्वतः मटण भरलेली पेस्ट्री खात होता, वर वाटाणे.

आणि दातांचं काय सांगू! पुढचे चार नकली आहेत. सामन्याआधी कठड्यावरून ते माझ्या हातात देतो, मी रुमालात बांधून ठेवते. एकदा शेजारी बसलेले पाद्रीबाबा शिंकले आणि मी माणुसकी म्हणून रुमाल पुढे केला. बाबा भले गृहस्थ, पण त्यानंतर ते दुसऱ्या बाजूच्या स्टँडमध्ये बसतात. उद्या तुमच्याकडे वहिनींना हे काम जमेल का, विचार कर.

तर असा हा माणूस. पुढचं तुम्ही बघा.

तुझी,
मेव्हिस

ता. क. वर लिहिलंय त्यात खोटं काही नाही, पण खरं कारण ते नव्हे. चौदा वर्षं तो खाली पडला की मी डोळे मिटते आणि तो उठल्याचा आवाज गर्दीतून येईपर्यंत उघडत नाही. आता मला डोळे उघडे ठेवून बसायचं होतं. म्हणून ‘घेऊ नका’ लिहिलं.

ता. क. दुसरा. मी पाकीट शोधायला गेले तेवढ्यात लेटनने पत्र वाचलं. मला वाटलं आता घर सोडून जातो. तर म्हणाला, “काकू, गुडघ्याचं राहिलं की! अर्धवट कशाला कळवतेस? दे इकडे पेन.” खालची ओळ त्याने स्वतः लिहिली आहे :
‘उजवा गुडघा थंडीत पहिली दहा मिनिटं ऐकत नाही. नंतर ठीक. – लेटन.’
इथल्या क्लबने त्याला काढल्याचं फोनवर दोन ओळींच्या मेसेजने कळवलं, त्या दिवसापासून तो आज पहिल्यांदा हसला.

ता. क. शेवटचा. दादा, घ्या त्याला. त्याच्या सामन्यांना डोळे मिटून बसायला मी तिकडे येईन. फक्त एक कर. वर्षानंतर तो तुम्हाला नकोसा झाला, तर कोणीतरी त्याच्यासमोर उभं राहून सांगा. कोणी तयार झालं नाही, तर तू जा.